उन्हाळी फुलांच्या वेळा : सोसायटीच्या बागेतल्या प्रकल्प नोंदी, २०२५

५ जानेवारी, रविवार

कमिटीने अखेर कंपाउंडलगतची लांब पट्टी ताब्यात दिली. गेटपासून सुरू होते, वॉचमनच्या केबिनला वळसा घालते आणि ए विंगच्या मागच्या बाकांपाशी संपते. आजवर तिथे हिवाळ्यात पिटुनिया-फ्लॉक्स आणि मार्चनंतर नुसती ढेकळं. अटी दोनच: पाणी जास्तीचं मिळणार नाही आणि खर्च गणपतीच्या शिलकीतून भागवायचा.

मीटिंगमध्ये नेहमीचं वाक्य झालंच. "उन्हाळ्यात कुठली आलीत फुलं?" पुण्यात हे वाक्य खपून जातं, कारण आपली बागेची हौस जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाबरोबर भरते आणि तिथेच ओसरते. डेलिया, शेवंती, पॅन्सी पाहून झाली की पुढचं डायरेक्ट पावसाळ्यात.

माझं म्हणणं वेगळं आहे. उन्हाळ्यात फुलं असतात, ती आपल्या फिरण्याच्या वेळेला नसतात. मोगरा दिवेलागणीनंतर उमलतो, गुलबक्षी ऊन कलल्यावर, 'ऑफिस टाइम' नावाचं जाड पानांचं फूल (पोर्टुलाका) भर उन्हात. आणि आपली बाग उघडी असते सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते साडेसात. म्हणजे फुलं आणि माणसं यांची चुकामूक नियमाने घडवून आणलेली.

म्हणून यंदा वाफे रंगांवरून आखायचे नाहीत, वेळांवरून आखायचे. कल्पना जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ साली फुलांचं घड्याळ मांडलं, कुठलं फूल किती वाजता उमलतं आणि किती वाजता मिटतं त्याची यादी करून. ती यादी स्वीडनमधल्या उप्साल्याची, आपल्याला फारशी कामाची नाही. पण त्याने पाडलेले तीन गट कामाचे आहेत: हवा बघून वेळ बदलणारी, दिवस लहानमोठा होईल तशी वेळ बदलणारी, आणि ठरल्या वेळेला उघडून ठरल्या वेळेला बंद होणारी. आपल्याकडची कुठली कुठल्या गटात बसते ते जूनपर्यंत कळेल.

११ जानेवारी, शनिवार

मोगऱ्याची छाटणी. माळीमामांनी पाणी आधीच तोडलं होतं, पानं पिवळी पडून गळायला लागली होती. दीड-दोन फुटांवर काप घेतला, आत वळलेल्या आणि वाळक्या काड्या काढल्या, आळी उकरून मुळांना ऊन दाखवायला ठेवली. दोन-तीन दिवसांनी शेणखत आणि भरपूर पाणी.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अहो, मारलंत की हो झाड!" दिसतंच तसं. पण मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. जुनं लाकूड राखलं तर पाला दाट आणि कळ्या चार. मामा म्हणाले, "काकू, पाडव्याचा पहिला गजरा तुमचा." हे वचन त्यांनी मला न विचारता दिलं.

आपल्याकडे दोन जाती आहेत. कुंपणाकडचा साधा, लांबट कळीचा, पाकळ्या कमी, वास लवकर पसरणारा. आणि बाकांजवळचा बटमोगरा, गोल, गच्च, उमलायला आळशी. मोगऱ्याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. सगळी रोपं कुणाच्या तरी फांदीवरून आलेली. आपला बटमोगरा बी विंगच्या आजींच्या वाईच्या माहेरचा आहे, आणि हे त्या दरवेळी सांगतात.

१९ जानेवारी, रविवार

आज रोपांची नाही, माणसांची यादी केली. वेळेप्रमाणे बाग लावायची तर कुठल्या वेळी कंपाउंडमध्ये कोण असतं हे आधी हवं. वॉचमनदादांना विचारलं. त्यांना सगळं पाठ आहे.

पहाटे साडेपाचपासून दूधवाला, पेपरवाला, गाड्या धुणारी मुलं. मग चालायला येणारे आजी-आजोबा आणि शाळेच्या बसची गर्दी. नऊनंतर शुकशुकाट. म्हणजे आपल्या लेखी शुकशुकाट. प्रत्यक्षात अकरा ते तीन केबिनजवळ सर्वांत जास्त माणसं असतात: स्वतः वॉचमनदादा, कुरिअरची मुलं, एका घरातून दुसऱ्या घरी जाताना कट्ट्यावर डबा खाणाऱ्या घरकामाच्या ताया. संध्याकाळी मुलं. रात्री दहानंतर हिंजवडीहून परतणारे, लिफ्टकडे बघत चालणारे.

यावरून आखणी अशी ठरली. गेटपाशी सकाळचा वाफा. केबिनसमोर दुपारचा, अगदी कट्ट्याला लागून. बाकांच्या बाजूला संध्याकाळचा. आणि पार्किंगपासून लिफ्टपर्यंतच्या वाटेच्या कडेने रात्रीचा, कारण तिथून जाणाऱ्याला थांबायला वेळ नसतो, वासच त्याच्यापर्यंत गेला पाहिजे. कमिटीतल्या एकांनी विचारलं, दुपारी कोण बघणार आहे? त्यांना यादी दाखवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

माती. पट्टीत खाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा निघाला, अपेक्षेप्रमाणे. वीतभर खणून काढला, पोयटा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरली.

पाण्यासाठी माठ पुरतो आहोत. गळके, कोरे किंवा न भाजलेले नव्हेत, साधे पिण्याच्या पाण्याचे जुने माठ, घराघरांतून मागितलेले. मानेपर्यंत जमिनीत, तोंडावर फरशीचा तुकडा. माठातून पाणी झिरपत राहतं आणि आजूबाजूची मुळं तिकडे वळतात. वरून पाणी शिंपडलं की एप्रिलमध्ये निम्मं तर उन्हालाच जातं. माठांच्या मध्ये पालापाचोळ्याचं आच्छादन. पाचट मिळालं असतं तर बरं, पण शहरात पाचट मागायला गेलं की लोक कीव करतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

पेरणी आणि लावणी.

गेटपाशी जास्वंदीच्या जुन्या झुडपांना जोड म्हणून सोनचाफ्याचं कलम. बियांपासूनच्या चाफ्याला फुलं यायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, कलमाला ते नाही. दुपारच्या वाफ्यात झिनिया, गलांडा, नारिंगी कॉसमॉस बी टाकून, आणि पुढच्या कडेला ऑफिस टाइमच्या फांद्या खोचून. तिला जमीनसुद्धा चांगली नको असते. बाकांजवळ गुलबक्षीचे मागच्या वर्षीचे कंद होतेच, त्यात नवं बी. रात्रीच्या वाटेवर साध्या मोगऱ्याच्या कुंड्या, एक रातराणी (एकच, दोन लावल्या तर डोकी दुखतात) आणि खांबावर मधुमालती, जी आधीपासून होती आणि जिला कुणी विचारत नव्हतं.

अनंताची पानं पिवळी पडली आहेत, शिरा हिरव्या. हा बोअरच्या जड पाण्याचा परिणाम. अनंताला आंबट माती लागते. चुनखडीचं पाणी पाजत राहिलं की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. थोडा हिराकस (लोहाचा क्षार) दिला आणि मामांना सांगितलं की याला टाकीतलं कॉर्पोरेशनचं पाणी, बोअरचं नको. मामा म्हणाले, "म्हणजे याला बिसलेरी."

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. दुपारचा वाफा रंगाच्या पाण्यात न्हाला. झिनियाची रोपं चार पानांवर आहेत, धुऊन काढली. नुकसान नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

वचन पाळलं गेलं. साध्या मोगऱ्याच्या ओंजळभर कळ्या काल संध्याकाळी निघाल्या, काकूंच्या गुढीला आणि वेणीला दोन्हीकडे पुरल्या.

लगेच वाद उभा राहिला: फुलं तोडायची की नाहीत? सोसायटीच्या बागेत 'फुले तोडू नयेत' ही पाटी असतेच. पण मोगऱ्याचं फूल रात्रभराचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडा तांबूस होतात आणि ते तसंच देठाला वाळतं. तोडल्याने झाडाचं काही बिघडत नाही. उलट रोज कळ्या काढणाऱ्याचं लक्ष झाडावर राहतं. कळी पोखरणारी अळी आधी त्यालाच दिसते: एखादी कळी जांभळट, बारीक भोक, शेजारच्या कळ्या जाळीने चिकटलेल्या. तेवढ्या खुडून टाकल्या की फवारणीची वेळ येत नाही.

निर्णय: मोगरा तोडायचा, बाकी काही नाही. तोडायचा अधिकार बी विंगच्या आजींकडे, वाटपही त्यांच्याकडेच. तक्रारी त्यांच्याकडे न्यायची कुणाची छाती नाही, त्यामुळे व्यवस्था उत्तम चालेल.

९ एप्रिल, बुधवार

पारा चाळिशीला टेकलाय आणि दुपारचा वाफा आत्ता रंगात आलाय.

ऑफिस टाइमच्या वेळा गेले काही दिवस वॉचमनदादा लिहून ठेवताहेत, गाड्यांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर. साधारण नऊच्या पुढे कळी सैल होते, दहाला पूर्ण उघडी, दोन-तीनला मिटायला लागते. गुलाबी आणि राणी रंगाच्या आधी, पिवळ्या किंचित मागून, असं त्यांचं निरीक्षण. मी तपासलं. केबिनच्या छताची सावली पिवळ्यांवर उशिरापर्यंत असते, त्यामुळे कारण रंग नसून सावली असावी. दादांना हे पटलेलं नाही. दोन कुंड्यांची अदलाबदल करून बघायचं ठरलंय.

या झाडाचं पान जाड का, ते आज डबा खायला बसलेल्या तायांना मामा समजावत होते: "उंटागत आहे हे, पाणी साठवून बसतंय." खरं आहे. त्याहून मोठी करामत फुलात आहे. सुट्टीत हिंडणाऱ्या मुलांना दाखवली. फुलाच्या मधल्या पिवळ्या पुंकेसरांना काडीने एका बाजूने हलकेच शिवलं की ते सगळे त्याच बाजूला झुकतात, डोळ्यांदेखत. माशी जिकडून येते तिकडे परागकण सरकवण्याची सोय. मुलांनी मग वाफ्यातलं एकही फूल सोडलं नाही. मोठ्यांपैकी कुणाला हे आधी ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं हे फूल प्रत्येक गॅलरीत असून.

झिनियाची मोठी, थरांची फुलं आली आहेत. ही अंतराळ स्थानकात जानेवारी २०१६ मध्ये फुलवली होती असं सांगितल्यापासून पाचवीतला एक जण रोज सकाळी 'अंतराळातलं फूल' मोजायला येतो. झिनिया, गलांडा आणि कॉसमॉस या तिघांना वेळ नाही. उमलले की दिवसरात्र उघडे. घड्याळात त्यांचा उपयोग नाही, पण दुपारी अडीचला ऑफिस टाइम मिटल्यावर वाफा ओका दिसू नये म्हणून ते हवेत. आणि फुलपाखरं येतात ती त्यांच्यावरच.

१६ एप्रिल, बुधवार

पट्टीबाहेरची नोंद, पण ठेवायला हवी. कोपऱ्यावरचा बहावा गेल्या आठवड्यात फुलायला लागला, आता पान दिसत नाही. ए विंगचे आजोबा म्हणाले, "बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस. लिहून ठेवा." लिहून ठेवलं.

सकाळी आठ-साडेआठला खाली पडलेलं फूल उचलून बघावं. दहा पुंकेसर, पण एकसारखे नाहीत. तीन लांब, कमानीसारखे वाकलेले, चार मध्यम, तीन अगदी खुरटे. मोठा काळा भुंगा येतो, मधल्या चारांना धरून पंखांचा गुणगुणाट करतो आणि पराग झाडून घेतो. तो खाण्यात गुंतलेला असताना लांब तीन त्याच्या पाठीला आपले पराग लावतात. खाऊ घालायचे वेगळे, पाठवायचे वेगळे. हे सगळं घडतं ते आपण बस पकडायच्या घाईत त्याच झाडाखालून जातो तेव्हा.

२० एप्रिल, रविवार

गुलबक्षी सुरू. संध्याकाळचा वाफा आता वाफा वाटायला लागला.

एकाच झुडपावर गडद राणी, पिवळी आणि दोन्हींचे फराटे मारलेली अशी फुलं आली आहेत. बारावी झालेल्या मुलीने लगेच ओळखलं: लाल आणि पांढरी यांचा संकर केला तर गुलाबी, आणि त्या गुलाबींची पुढची पिढी एकास दोनास एक (लाल, गुलाबी, पांढरी). वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्सने हे प्रयोग याच झाडावर केले होते. तिला मी म्हटलं, पेपरात लिहिलंस, आता प्रत्यक्ष करून बघ. पांढरी आणि लाल, दोन्हींची वेगळी रोपं आहेत आपल्याकडे. पण फूल संध्याकाळी उमलण्याआधी त्याचे पुंकेसर काढावे लागतील, म्हणजे दुपारी चारच्या उन्हात चिमटा घेऊन बसावं लागेल. ती हो म्हणाली. बघू.

वेळ: पाचच्या आसपास. इंग्रजीत हिला चार वाजताचं फूल म्हणतात, आपल्याकडे पाच. याचं एक कारण सरळ आहे. आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावरच्या वेळेने आणि पुणे आहे ७३.८५ वर. सूर्याचे चार आपल्याकडे वाजतात साडेचार उलटल्यावर. उरलेला उशीर उन्हाचा. ज्या दिवशी संध्याकाळ लवकर निवते त्या दिवशी ती लवकर उमलते.

१ मे, महाराष्ट्र दिन

झेंडावंदनाला निम्मी सोसायटी खाली आली होती, तेवढ्यात सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या ताम्हणाकडे नेलं. राज्यपुष्प म्हणून नाव सगळ्यांना पाठ, झाड मात्र दोघा-तिघांनीच ओळखलं. जांभळे तुरे, पाकळ्या क्रेप कागदासारख्या चुण्यांच्या. मूळचा ओढ्याकाठचा हा गडी फुटपाथवरच्या चौकोनी खड्ड्यात उभा राहूनही वेळेवर फुललाय.

शेजारी गुलमोहर पेटलेला, त्यामुळे फोटो त्याचेच निघाले. गुलमोहर मूळ मादागास्करचा, तरी साताऱ्यात १ मेला त्याचा दिवस साजरा करतात. त्याच्या पाच पाकळ्यांतली एक पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची असते, ती मुलांनी शोधून काढली. लहानपणी त्याच्या पुंकेसरांची डोकी अडकवून लढाया खेळलेल्यांची संख्या मोठी निघाली आणि कार्यक्रम लांबला.

४ मे, रविवार

रात्रीच्या वाटेचं काम. इथे अडचण फुलांची नव्हती, दिव्याची होती. पार्किंगवरचा पांढराशुभ्र फ्लडलाइट थेट मधुमालतीवर. कमिटीशी बोलून त्याचं तोंड खाली वळवलं आणि वाटेला गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळे दिवे लावले. सुरक्षेचं काय, असा प्रश्न आला. वाट आता पहिल्यापेक्षा नीट दिसते, कारण डोळ्यांवर उजेड येत नाही.

मधुमालतीकडे अंधार झाल्याबरोबर बघण्यासारखं आहे. त्या दिवशीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. एका घोसात तिन्ही रंग म्हणजे तीन दिवसांची फुलं. पांढऱ्या, वासाच्या फुलावर लांब सोंडेचे पतंग येतात, एका जागी पंख फडफडवत तरंगून मध पितात. रंगल्यावर गिऱ्हाईक बदलतं, दिवसाच्या माश्या आणि फुलपाखरं येतात. दिवा हटवल्यापासून पतंग दिसायला लागलेत. आधी ते सगळे फ्लडलाइटभोवती होते.

बागेचं गेट रात्री साडेदहापर्यंत उघडं ठेवण्याचा अर्ज दिला. आत्ता साडेसातला कुलूप लागतं आणि बटमोगरा आठनंतर उमलतो.

८ मे, गुरुवार

मे फ्लॉवर आलं. कुंडीत हिवाळ्यापासून नुसता कांदा होता, पान नव्हतं, काही नव्हतं. अचानक दांडा आणि त्यावर लाल तंतूंचा चेंडू. फारसं टिकत नाही, आठवडा फार तर. कुंडी लिफ्टच्या दारात नेऊन ठेवली, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं पाणी. शेंडे कापून जाळले नाहीत, पिशवीत बांधून कचऱ्यात.

१३ मे, मंगळवार

शून्य सावलीचा दिवस. पुण्यात सूर्य आज माध्यान्हीला बरोब्बर डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास. ढग होते, पण मधूनच उघडलं. मुलांनी दुपारच्या वाफ्यात बांबूच्या काठ्या ओळंब्याने सरळ रोवल्या होत्या. सावली काठीच्या बुडात शिरली. नागपूरला हाच दिवस २६ मेला येतो, असं सांगितल्यावर तिथली आत्तेभावंडं असलेल्यांनी लगेच फोन लावले.

माझं लक्ष वाफ्याकडे. आजच्या दिवशी भिंतीचीसुद्धा सावली नाही, उन्हाची कमाल. ऑफिस टाइम पूर्ण उघडी, झिनिया ताठ. जास्वंदीने मात्र पानं पाडली होती आणि सकाळी फुललेली फुलं कडेने सुकली होती. सकाळचा वाफा दुपारी बघू नये. डबा खाणाऱ्या तायांपैकी एकीने आज विचारलं, यातलं काही चाळीतल्या डब्यात लागेल का, ऊन पत्र्यावरचं आहे. ऑफिस टाइमच्या फांद्या सगळ्यांना दिल्या. तेलाच्या डब्याला तळाशी भोकं पाडा, पाणी एक दिवसाआड, एवढंच सांगायचं.

कुंड्यांच्या अदलाबदलीचा निकाल: सावली हटल्यावर पिवळ्या फुलांनी बाकीच्यांबरोबर वेळ गाठली. दादांनी मान्य केलं, पण "राणी रंगाची तरी पहिलीच आहे" हे शेवटी जोडून.

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळी वळवाचा धुमाकूळ. गेले काही दिवस आभाळ भरून येतच होतं. कॉसमॉस आडवा. झिनियाला काठ्या दिल्या. मोगऱ्याच्या कळ्यांवर तपकिरी डाग. आजींनी वाटप स्थगित केलंय.

पण घड्याळाच्या दृष्टीने हे ढगाळ दिवस सोन्याचे. ऑफिस टाइम आज उघडलीच नाही, अकरा वाजेपर्यंत कळ्या घट्ट. आणि गुलबक्षी, जी सकाळी ऊन तापलं की मिटते, ती उशिरापर्यंत उघडी. सकाळच्या चालणाऱ्यांना ती पहिल्यांदाच फुललेली दिसली. हा लिनियसचा पहिला गट, हवा बघून वागणारा. मोगरा मात्र ढग असो नसो अंधारावरच उमलला.

२६ मे, सोमवार

हवामान खात्याने आज मान्सून पुण्या-मुंबईत आल्याचं जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. नोंदी आहेत तेव्हापासून, म्हणजे १९५० पासून, मुंबईत इतक्या लवकर तो आलेला नव्हता.

आजोबा सकाळपासून खूश. बहावा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पंचेचाळीस दिवस, हिशोब जुळतो. मी त्यांना म्हटलं, हेच झाड मागच्या वर्षीही याच सुमारास फुललं होतं आणि मान्सून तेव्हा मुंबईत ९ जूनला पोचला. बहावा झालेल्या उन्हावर फुलतो, येणाऱ्या पावसाचं त्याला काही कळवलेलं नसतं. आजोबा म्हणाले, "मागच्या वर्षी पाऊस चुकला."

उन्हाळी बागेचा हंगाम पंधरवडाभर तरी कापला गेला. अनंताने मात्र हाच मुहूर्त धरला. पावसाचं मऊ पाणी मिळाल्याबरोबर पानं हिरवी आणि कळ्या फुगल्या. आज संध्याकाळी पहिलं फूल, पांढरंशुभ्र. दोन दिवसांत साईसारखं पिवळसर होईल, वास तसाच राहतो. बिसलेरीचा खर्च वाचला, इति मामा.

८ जून, रविवार

कमिटीची मीटिंग. गेटचा अर्ज मंजूर, रात्री साडेदहापर्यंत, पण फक्त मार्च ते जून. पावसाळ्यात चिखल होतो म्हणे. चालेल, पावसाळ्यात जाईजुईसाठी पुन्हा अर्ज करता येईल. दोन बाकं मोगऱ्याजवळ सरकवायलाही परवानगी. दुपारच्या वाफ्यावर हिरव्या जाळीची सावली टाकावी अशी एक सूचना आली. ती नाकारली, जाळीखाली ऑफिस टाइम मिटूनच राहील. त्याऐवजी कट्ट्यावर, माणसांच्या डोक्यावर, जाळी टाकायचं ठरलं.

संकराचा प्रयोग: बारावीवालीने फुलांना कागदी पिशव्या बांधून काही बिया धरवल्या. काळ्या, सुरकुतलेल्या, मिऱ्याएवढ्या. फडताळात, तिच्या अक्षरातल्या पाकिटात आहेत. पावसात बाकीचं गुलबक्षीचं बी आपोआप पडून रुजेल, त्यामुळे ती पाकिटं वेगळ्या कुंडीतच पेरायची.

१५ जून, रविवार

आवरसावर. झिनिया आणि गलांड्याची वाळलेली बोंडं एका कोरड्या दुपारी काढली. कॉसमॉस उपटला. माठ तसेच राहू द्यायचे, तोंडं मात्र घट्ट झाकून, नाहीतर डास.

पुढच्या वर्षासाठी: सकाळचा वाफा कमकुवत राहिला. चाफ्याला फुलं यायला अजून अवकाश आहे आणि जास्वंदीवर सगळा भार नको. दूधवाल्याच्या वेळेला आणखी काहीतरी हवं. रात्री फुलून सकाळी उशिरापर्यंत टिकणारं कुमुद एका टबात लावून बघायचं, सोबत गप्पी मासे. निशिगंधाचे कंद बाकांजवळ. रातराणी एकच.

मोगऱ्याच्या फांद्या लावायला आत्ताची हवा चांगली, वीतभर, तीन-चार डोळ्यांच्या, निम्म्या मातीत. मागणी बरीच आहे. यादी केबिनच्या काचेवर चिकटवली आहे, घर नंबर लिहून पुढे साधा की बट ते लिहावं. 'कुठलाही चालेल' लिहिणाऱ्यांना साधा मिळेल. बटमोगऱ्यासाठी आजींची परवानगी लागेल, आणि वाईची हकिगत ऐकून घ्यावी लागेल.